दीड सेंटीमीटर

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला, जिन्याखाली
माझं डीटीपीचं दुकान. हळदीचे बॅनर, पत्रिका,
सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिसा.
कादंबरी घेऊन इथं कोण येणार?
अनंता मढवी आले. आधी मिठागरात, मग बेलापूरला कारकून,
आता रिकामे. पिशवीत सहा वह्या,
खिशात शाळेतली सहा इंची पट्टी.

निळ्या शाईत ते स्वतः :
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्याच्या खेपा, बायकोचं डायलिसिस.
हिरव्या शाईत दामू, धाकटा,
एकाहत्तर साली होडी घेऊन खाडीत गेलेला.
वहीत तो परत आलाय.
लग्न झालंय, टक्कल पडलंय, कुरकुरतो,
      पाण्यान उभा रायलो का गुडगं बरं वाटतान.

एक परिच्छेद निळा, एक हिरवा, असं सहाही वह्या.
"छापताना शाई एकच," मी म्हटलं, "काळी."
"मग वाचणाऱ्याला कळणार कसं,
कोण कोणता?"

तिरपं करून पाहिलं.
आपल्या अक्षरांना तिरपं होणं जमत नाही.
शिरोरेषा तशीच आडवी, खाली सगळे काने कललेले,
दांडीवरचे बोंबील वाऱ्याला लागतात तसे.
मढवी बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "वास येतो याला. नको."

मग बारीक टाइप. तुर्भ्याच्या प्रेसवाल्यानं फोनवरच सांगितलं,
या कागदावर अनुस्वार उडतील, रफार उडतील.
दामूच्या बोलण्यातून अनुस्वार काढला
तर उरतं काय?
ठळक? "मोठ्यानं बोलायचा नाही तो."
चौकट? यावर ते गप्प.
मग माझ्याच लक्षात आलं.
चौकटी मी आठवड्याला चार करते,
वर फोटो, खाली शोकाकुल.

शेवटी समासावर आलो.
डावीकडून दीड सेंटीमीटर
      दामूला आत घेतलं.
आत घेणं, आमच्या धंद्यातला रोजचा शब्द.
मढवींनी तो दोनदा म्हणून पाहिला.
मग पट्टी काढली, स्क्रीनला लावली,
आणि स्क्रीनवर पट्टी लावून काही कळत नाही
हे मी त्यांना सांगितलं नाही.

सतराव्या प्रकरणात अडलं.
तिथं शाई पेन्सिलीची.
आई ताटं वाढते. दोन.
कालवण, भाकरी, मिठाचा खडा बाजूला.
कोण जेवतंय ते लिहिलेलंच नाही.
"हे कुठं घेऊ, काका? बाहेर की आत?"
"तिला कुठं ठाऊक होतं," ते म्हणाले,
आणि पुढचं वाक्य पिशवीच्या बंदाशी घोळवत बसले.
पत्रिकेवाला बाहेर हॉर्न देत होता,
मुलीच्या नावात वेलांटी दीर्घ करून हवी होती त्याला.
मी ते पान मधोमध घेतलं. दोन्हीकडून सारखं.
कवितेसारखं दिसलं. दोघांनाही पटलं नाही.
तसंच ठेवलं.

प्रूफं महिन्याने परत आली.
लाल पेन, बारीक अक्षर, चुका माझ्याच :
मिठागरचं मीठागर, खेपचं खेळ.
पान दोनशे सहावर एक ओळ आत घ्यायची राहिली होती.
समासाला चिकटून उभी, मढवींच्या ओळींच्या रांगेत :

भरती लागायच्या आत तो घरी आला.

तिच्याभोवती लाल गोल होता.
गोलातून बाण निघाला होता, उजवीकडे, दीड सेंटीमीटर.
मग बाण खोडलेला.
गोलही खोडलेला, इतका दाबून
की कागद मागून वर आला होता.
बाजूला लिहिलं होतं, जैसे थे.

बिलात मी ती ओळ धरली नाही.