एकच क्ष

चौऱ्याहत्तरचा सप्टेंबर, रविवारची रात्रपाळी.
धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात टेलिप्रिंटर
दमेकऱ्यासारखा खाकरत होता.
कागद महागलेला. सहाची चार पानं झालेली,
चहाचा अर्धा कप.

बातमी तुकड्या-तुकड्यांनी आली:
ज्याला त्या खुर्चीसाठी कुणी मत दिलं नव्हतं
त्या नव्या अध्यक्षानं
ज्याला गठ्ठ्यानं मतं पडली होती
त्या जुन्याला सोडून दिलं,
खटला उभा राहायच्या आधीच.
खाली चार ओळी: भाववाढ, तेल, बेकारी,
आणि लोक चिडलेत.

मी मथळा लिहिला:
‘माजी अध्यक्षांना क्षमा’.
डोमाजी मेश्राम खिळे जुळवत होता,
मान वर न करता म्हणाला,
“साहेब, मोठ्या टायपात क्ष एकच हाय.
दुसऱ्याचा कान तुटला.
सांगा, कुठं लावू?”

मी घड्याळ पाहिलं.
इटारसीकडची गाडी गठ्ठे घेतल्याशिवायच सुटली असती.
म्हटलं, अध्यक्षांत लाव.
खाली माफी कर.

माफी मागतात, क्षमा करतात,
एवढा फरक मला तेव्हाही कळत होता.
पण खुर्चीला क्ष लागतोच,
आणि एकच असला की
तो आधी खुर्चीलाच जातो.

सकाळी गोळीबार चौकात
माझ्या बापानं पेपर मोठ्यानं वाचला.
विणकर सोसायटीचे सभासद ऐकत होते.
त्यांचाही जुना अध्यक्ष राजीनामा देऊन
सुताच्या बंडलांच्या हिशेबासकट पसार झाला होता,
आणि त्याच्या खुर्चीत
उपाध्यक्ष म्हणून नुसता चहाला येणारा
तुळशीराम धकाते बसला होता.
सूत दीडपट, रंग दुप्पट,
बावीस माग थंड.

“पाहा,” बाप म्हणाला, “तिकडेबी तेच.
चोर चोराले सोडते.”

धकाते काही बोलला नाही.
पेपर मागून घेतला, घडी केली,
बंडीच्या खिशात ठेवला.

पुढच्या महिन्यात त्या अध्यक्षानं सांगितलं:
काटकसर करा, परसात भाजी लावा,
छातीवर बिल्ला लावा.
सुभद्राबाई हेडाऊ कांड्या भरता भरता हसली,
“काहून बाप्पा, बिल्ला लावून सूत सस्त होते का?”

दिवाळीनंतर सभा झाली.
धकाते उभा राहिला. हातात कागद नव्हता.
म्हणाला, केस मागे घेऊ.
बारा वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसाल
तर माग कोण चालवील?
पैसे बुडाले. शिव्या मले द्या.
कुणीतरी विचारलं, तुले किती भेटले?
तो थोडा वेळ उभाच राहिला,
मग बसला.

निवडणुकीत एकोणीस मतांनी पडला.
त्यातलं एक माझ्या बापाचं.
तिकडचाही पुढे पडला, थोडक्यात.
कोण बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही.
सोसायटी आणखी नऊ वर्षं चालली,
एवढं माहीत आहे.
जुन्यानं पुढे इतवारीत दुकान टाकलं,
पाटीवर गणपती,
तेही माहीत आहे.

पडल्यावर धकाते एकदा ऑफिसात आला होता.
तीच घडी, कोपऱ्यांवर फाटलेली.
“हे माफी तुम्हीच लिहिलं?”
मी खिळ्यांची गोष्ट सांगितली.
त्यानं तुटका क्ष बघायला मागितला,
बोटानं कान चाचपला,
विणकरानं गाठ चाचपावी तसा.
“मायासाठी दोन ओळी छापता?”

छापल्या. चौथं पान, तळाला,
सिनेमाच्या जाहिरातीखाली:
विणकर सोसायटीचे माजी अध्यक्ष
श्री. धकाते सभासदांची क्षमा मागतात.

बारीक टायपात क्ष भरपूर होते.

कुणी वाचलं नसावं.
बापानं वाचलं.
चष्मा काढला, पुसला,
आणि म्हणाला,
“आज सुताचा भाव नाई दिला तुमी.”