रुमालाखाली

विश्रामबागच्या प्रयोगशाळेत
रात्री साडेनऊला इन्क्युबेटर उघडते मी.
तीस अंशांची ऊब,
इडलीचं पीठ फुगून झाकण उचलतं
तसा वास.
साध्या थाळीत तीनशे बारा ठिपके.
मिठाच्या थाळीत
शून्य.

काढून काय टाकलं होतं मी यीस्टमधून?
एकच प्रथिन.
ते ना कशाला कापतं, ना पेटवतं.
एका हाताने निरोप्याचं मनगट धरतं,
दुसरा हात पेशीच्या पडद्याला.
बस्स.
(मिठाकडे जाणारी दुसरी वाट मी आधीच बुजवली होती.
हेही लिहायला हवं,
नाहीतर शून्य खोटं ठरेल.)

निरोप्या एकच, गंमत तीच.
मीठ चढलं तरी तोच पळतो,
जोडीदाराचा गंध आला तरी तोच,
साखर आटली तरी तोच.
कुणीतरी त्याला नेमक्या दाराशी
उभं करावं लागतं:
आज मीठ आहे बाबा, लग्न नाही.
नाहीतर पेशी बसेल
खारवणाच्या बरणीत बाशिंग बांधून.

याला मराठीत काय म्हणायचं, मुलांनी विचारलं.
पुस्तकात कुठलासा जोडाक्षरांचा शब्द होता.
मी म्हटलं, अडत्या.
वर्ग हसला.
मार्केट यार्डातली दोन पोरं तेवढी
हसली नाहीत.

पारिसा बाबगोंडा मगदूम, हळदीचे अडते.
स्वतःचं एक पोतं नाही,
हरिपुरात एक पेव नाही,
संध्याकाळी मात्र बनियनपर्यंत पिवळे.
अलीकडे शेतकरी, पलीकडे खरीददार,
मधे अण्णांचा पंजा, पंजावर रुमाल.
एकेक व्यापारी आत हात घालायचा,
बोटं दाबायचा.
चेहरे बाहेर, कोरे ठाक.
भाव आत, कातडीला कातडी लागून.
आम्हाला दिसायचं
फक्त कापड हललेलं.
आई म्हणायची,
करतात काय दिवसभर?
लोकांचे हात धरतात.

मग भाव काचेवर उजळायला लागला.
रुमाल धुऊन कपाटात गेला.
माघात अण्णांची उजवी बाजू गेली.

परवा थाळीचा फोटो दाखवला त्यांना.
चष्मा पुसून बराच वेळ
त्या शून्याकडे बघत राहिले.
"मग त्ये काढलेलं, करत काय हुतं?"
काही नाही अण्णा. धरून ठेवायचं.
"आन् अडत किती टक्के?"

हसले. अर्ध्याच तोंडाने.
डाव्या हाताने टॉवेल ओढून
माझ्या पंजावर टाकला,
आत हात घातला.
तीन बोटं दाबली, मग एक,
मग नुसतंच मनगट.
किती झाले अण्णा? मी विचारलं.
"भाव फोडायचा नसतोय."

सकाळी मिठाच्या थाळीत
अगदी काठाला
टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका.
बाहेरून पडलेला असेल, हात नीट धुतले नसतील,
किंवा आत कुणीतरी
कुणाचा तरी हात धरायला शिकलं असेल.
वहीत लिहिलं: एक.
पुढे प्रश्नचिन्ह.
बोटाला अजून हळद नव्हती,
तरी पान पिवळं वाटलं.