लाल वेगळ्या, काळ्या वेगळ्या

मिरकरवाड्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. आठ बाय दहा,
खिळ्यांवर ओरिंगांच्या माळा.
काळ्या नायट्राइलच्या, डिझेलच्या लाईनीला.
लाल सिलिकॉनच्या, जिथे ताप आहे तिथे.
एवढं कळलं की निम्मा धंदा कळला, सासरे म्हणायचे.
उरलेला निम्मा उधारी.

सिलिकॉन चिडत नाही.
दोनशे डिग्रीला सायलेन्सरच्या शेजारी बसतं,
फ्रीझिंगच्या दाराला, उणे चाळीसात, तसंच मऊ.
साध्या रबराला उन्हाखाऱ्यात दोन हंगामांत भेगा,
माझ्या टाचांसारख्या.
हे आपलं ढिम्म.
वीज पुढे जाऊ देत नाही,
त्याला सहसा काही चिकटतही नाही.

काल दाऊद मजगावकर आला
आणि काउंटरवर बोट ठेवलं.
म्हणजे खरंच, काढून ठेवलं.
त्याची तर्जनी विंचने नेली त्याला दोन वर्षं झाली,
मिऱ्यासमोर, ऐन कोळंबीत.
हे कोल्हापुरात करून घेतलेलं:
नखाखालचा गुलाबी, पेरांवरच्या घड्या,
नुसत्या रंगासाठी तीन खेपा.
साचा धाकट्या भावाच्या बोटाचा,
त्यामुळे ठसे मुनाफचे.

"बघ की वहिनी, फुगलंय."
फुगलं होतं, भिजल्या वालासारखं.
मी वास घेतला. डिझेल.
"पंप उघडलास हे घालून?"
"मग? कामाच्या वेळी काढून ठेवू?"

याला काय सांगणार.
आग सोसतं, बर्फ सोसतं, दर्या सोसतं
आणि रोज हाताला लागतं त्यालाच हरतं.
शिवाय एकदा नखभर चीर पडली
की आवाज न करता आरपार फाटत जातं.
हे दुसरं मी बोलले नाही.
म्हटलं, पुसून वाऱ्याला ठेव. उतरेल बरंचसं.

तो लुंगीच्या टोकाने पुसत बसला, नखाच्या कडेपासून.
काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं,
हे मुळात वाळूपासून करतात.
"वाळू?"
"हो. वाळूतलं सिलिकॉन काढून, मग पुढे बरंच काय काय."
तो पांढऱ्या समुद्राकडे बघत राहिला,
जिथे आता किनाऱ्यापेक्षा दगडांचा बंधाराच जास्त.
"तरीच. मी म्हणतोय, आपली वाळू गेली कुठे."

तो गेला. बोट राहिलं,
संध्याकाळपर्यंत पंख्याखाली.
गिऱ्हाईक दचकायचं, मग हसायचं.
मी मात्र कितीदा सरळ केलं तरी
वाऱ्याने हळूहळू वळून ते
काळ्या माळेकडेच दाखवत होतं.