चरईतून, एकामागे एक

ल्युब्लियानात आम्ही शेजारी शेजारी चालायचो.
फुटपाथच तेवढे रुंद.
तीन दिवसांत अख्खं गाव पायाखाली घातलं,
पुलाच्या कठड्यावर बसून
कागदातल्या चेरी संपवल्या.
शिरीष म्हणाला, गाव असावं तर असं,
दम लागायच्या आत संपणारं.

काल जांभळी नाक्यावरून
चरईतून घरी आलो, पायीच.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
स्कूटरी, उघडं गटार, फुलवालीची बादली,
कुणीतरी अर्ध्या रस्त्यात लावलेली गाडी –
तो पुढे, मी मागे.

धोबी आळीच्या वळणावर मात्र
मागे न बघताच
त्याने हात मागे केला,
बोटं जराशी उघडी,
पिशवी घ्यायला करतो तसा.

पिशवी माझ्याकडे नव्हतीच.