कार्ड घातलेलं नाही

लिलावाचा कागद आला तेव्हा
चष्मा पुसून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.
गाडीचं चित्र, सोलून पसरलेल्या कातड्यासारखं,
त्यावर कुणीतरी घाईत पेनने लिहिलेली अक्षरं:
ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा,
डब्ल्यू म्हणजे इथे रंग दुसऱ्यांदा दिलाय.
मागच्या डाव्या चाकाशी एक एस. गंज. लहान.
एकूण गुण साडेतीन.

छत्तीस वर्षं मी लोकरीची प्रत लावलीय.
लोकर टेबलावर पडली की आधी बोटं बोलतात,
तोंड मागून.
साडेतीन लिहिणारा तो माणूस मला आवडला.
चार म्हणूनही खपली असती.

लॉकी, माझा भाऊ, म्हणाला,
पाण्यात म्हैस आणि काठावर मोल.
म्हणाला, मॉर्वेन, साठी आली, गुडघा बदललेला,
आणि तुला हवी दोन दारांची,
जमिनीला पोट टेकलेली.
उतरशील कशी?
मी म्हटलं, आधी बसू तर दे.

रुवान, नागोयात स्थिरावलेला लंकेचा माणूस,
फोनवर कुजबुजत होता, लग्नात मागच्या रांगेतून बोलावं तसा.
सात लाख येन माझी हद्द.
सहा लाख ब्याण्णव हजारांना सुटली.
हातोडा नसतो म्हणे, बटण असतं.
सगळं मिळून अकरा सेकंद.
एका आजारी मेंढ्याच्या भावावर
मी याहून जास्त घासाघीस केलीय.

मग समुद्र. मग वाट पाहणं.
मग कुठल्याशा किड्याच्या संशयावरून
जहाज आठवडाभर बंदराबाहेर.
आमच्या देशाला परक्या मातीचं फार भय.
लिटलटनला तिच्या सीटखाली झाडून काढलं,
तपासनिसाने अहवाल दिला:
पाइनच्या सुया, चमचाभर.
भाताचं तूस, एक.
नष्ट केलं.
त्या नष्ट करण्याचे पैसे मीच भरले.
दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

किल्ली फिरवली आणि एक बाई बोलली.
एक लांब वाक्य, शेवटाकडे वाकलेलं.
मी दचकून म्हटलं, मॉर्निंग.
पडद्यावर निळाच निळा रंग,
मधोमध माझा बाण.
नकाशाच्या मते मी समुद्रात होते.
बर्क्स पासच्या चढावर, दोन्ही बाजूंना बर्फ,
तिसऱ्या गिअरमध्ये ती गुरगुरत वर चढली,
तेव्हाही समुद्रातच.

ती रोज बोलायची.
सकाळी आठच्या आत माझ्याशी बोलणारं
दुसरं कुणी नव्हतं, इयननंतर.
मी मनाने अर्थ लावत गेले.
पट्टा बांध.
दंव पडलंय, बेताने.
एकदा तर वाटलं, केस छान दिसतायत.
उत्तरं द्यायची सवय लागली,
ती लॉकीपासून लपवली.

टेकापोच्या बेकरीतली मिनोरी,
वर्षभरासाठी आलेली पोरगी,
पाय देऊन उघडल्यासारखं दार उघडून आत वाकली.
ऐकलं. तोंडावर हात ठेवून हसली.
मग माझा चेहरा पाहून थांबली.
टोलनाक्याचं कार्ड, म्हणाली.
कार्ड घातलेलं नाही.
एवढंच?
एवढंच. पण फार अदबीनं सांगते.

परत येताना मी गप्प होते.
कुणीतरी विकण्याआधी आठवणीने
कार्ड काढून घेतलं असेल,
कप्पाही पुसून ठेवला असेल,
एकदा मागे वळून पाहिलं असेल, किंवा नसेलही.
ती अजून त्यालाच सांगतेय.
माझ्याकडे नाकाच नाही,
शंभर मैलांत एकही नाही.

दोन मिनिटांचं काम, लॉकी म्हणतो.
सीटखाली एक तार आहे, तोडली की झालं.
तो पक्कड घेऊन आलाय.
मी त्याला चहा दिलाय.
आता केक कापतेय,
जाड.