झाकण

अक्कलकोट रोडच्या पंपावर सकाळी सहाला भाव बदलतो.
मी दहा मिनिटं आधीच बोर्डाखाली,
कारण आमच्या सहाची खालची डावी काडी विझलीय
आणि गिऱ्हाईक त्याला पाच समजून भांडतं.

केबिनमधल्या रेडिओवर बातमी:
समुद्राकाठच्या खडकात सरकारनं तेल भरून ठेवलंय,
अडीनडीला. त्यातलं थोडं आता काढणार.
"खडकात?" मल्लेशी म्हणाला,
पाकणीहून टँकर घेऊन आलेला, पाईप जोडता जोडता.
"खडकात तर सासऱ्याची बोअर गेली बे.
चारशे फूट. निघाला फुफाटा."

मी हसलो, पण मला दिसायला लागली
आमच्या गल्लीतली नागमणी चिप्पा.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, रात्री तीनला.
साठा काय असतो, आम्हाला कुणी शिकवू नये.
रंगाच्या कारखान्यातली निळी पिंपं,
कितीही घासा, पहिली बादली किरमिजी.
नागमणीच्या घरात मात्र खड्डा आहे,
सासऱ्याच्या मागाचा, पाय सोडून बसायचा.
माग गेला भंगारात. खड्ड्याला तिनं सिमेंट लावलं,
वर लोखंडी झाकण.

गेल्या मे महिन्यात जलवाहिनी फुटली. नऊ दिवस.
पाण्याचा टँकर सहाशेचा नऊशे झाला,
मग बाराशे, मग फोनच उचलेना.
सातव्या दिवशी दुपारी नागमणीनं झाकण सरकवलं.
घरटी दोन घागरी.
चाळीस घरं. त्यात काय भागतं?
भांडी तशीच, पोरं तशीच पारोशी.
पण संध्याकाळी टँकरवाला आपणहून गल्लीत आला,
म्हणाला, आठशे द्या.
त्यानं पाणी बघितलं नव्हतं.
झाकणाचा आवाज ऐकला होता.

हे रेडिओवाली बाई सांगत नाही.
आणि हेही नाही, की
आठव्या रात्री मी घागर घेऊन गेलो
तेव्हा खड्ड्याचा तळ दिसत होता,
म्हाताऱ्याच्या टाचांनी झिजलेली जागा
सिमेंटखालूनसुद्धा खोलगट, तेवढीच ओली.
नागमणी झाकणावर बसली होती, विड्यांचं सूप मांडीवर,
हात चालूच.
कुणी विचारलं, "हाय का अजून?"
तर मान वर न करता, "हाय की."
माझ्याकडे मात्र तिनं बघितलं.
मी रिकामी घागर भरल्यासारखी
खांद्यावर तोलत घरी आणली.

सहा वाजले. बोर्ड मिचमिचला.
अकरा पैसे उतरले.
पहिलं गिऱ्हाईक रेवणसिद्धचा टेम्पो,
टॉवेलचे गठ्ठे, हैद्राबादला निघालेला.
"अकराच? मग खडक कशाला फोडला बे?"
मी नोझल लावलं, आकडे शून्यावर आणले,
बघून घे म्हणालो.
तो बोर्डाकडे बघत होता.
"ते पाच हाय का सहा?"