वहीचे दोन रकाने

मेन्झच्या पठारावर सकाळचे दोन.
सूर्य उगवला की आमचं घड्याळ शून्यापासून निघतं,
म्हणजे ऊन अजून कोवळं, गवतावर दंव कडक,
आणि माझा चौथीचा वर्ग पोटावर पालथा:
बावीस पोरं, अकरा पेन्सिली,
एक दुर्बीण, तिचीही डावी काच तडकलेली.

कड्याखालून गेलाडा वर येतात.
आधी एक डोकं, मग दहा, मग मोजणं सुटतं.
छातीवर तांबडा डाग, खांद्यावर गाबीसारखी आयाळ,
बसल्या बसल्या पुढं सरकत गवत खुडतात,
मेथी निवडायला बसलेल्या बायका जशा.

"यात काय बघायचं, बाई? जवचोर आहेत हे."
गेताहुनच्या खिशात गोफणीचा दगड.
मी म्हटलं, दगड राहू दे खिशात,
हात तेवढा बाहेर ठेव.

मग काठीनं मातीत एक रेघ ओढली.
अलीकडे 'दिसलं', पलीकडे 'वाटलं'.
"राजा रागावला" हे कुठं लिहाल?
"अलीकडे!" एका सुरात बावीस जण.
राग दिसला? कुठं होता? केवढा होता?
बराच वेळ नुसता वारा.
मग बिर्के, शालीला नाक पुसत:
"त्यानं वरचा ओठ उलटा केला. दात दिसले.
दुसरा मागं सरला."
हं. हे अलीकडे.

"पण तो राजा, हे तरी कशावरून?"
हे मी विचारलं नव्हतं, मुलुकेननं विचारलं,
आणि आठवडाभर एकच मोजत बसला:
आधी कोण उठतं, कोणामागून कोण.
उठायची ती कान फाटलेली म्हातारी.
तिच्यामागून लेकी, लेकींमागून पिल्लं,
आणि सगळ्यांत शेवटी तो आयाळवाला,
जणू निघायचं त्यानंच ठरवलं होतं.
"आमच्या घरीही असंच," कोणीतरी पुटपुटलं.
ते कुठल्याच रकान्यात बसेना.

गेताहुन निम्मे दिवस गैरहजर. मेंढरं असतात.
एकदा आला तो सांगत, लांडगा त्यांच्या मधून चालतो,
आणि कोणीच पळत नाही.
वर्ग हसला. खोटं कशाला बोलू,
मीही थोडी हसले.
दुसऱ्या दिवशी तांबूस लांडगा आला,
दारातून घरचाच माणूस यावा तसा,
कळपाच्या पोटातून सावकाश, एकेक पाऊल टाकत.
एका पिल्लानं मान वर केली आणि परत गवतात घातली.
लांडग्यानं उंदीर धरला आणि निघून गेला.
मी गेताहुनला विचारलं, कधीपासून ठाऊक होतं?
"दोन वर्षं."
सांगितलं का नाहीस?
"विचारलं कोणी?"
दुर्बीण त्या दिवसापासून त्याच्याकडं.

सत्राच्या शेवटी वह्या तपासायला घेतल्या.
अस्नाकेचची वही:

'पहिला दिवस. आईच्या हातात पिल्लू. पिल्लू हलत नाही.
दुसरा दिवस. तसंच. एका हातानं गवत खुडते.
तिसरा दिवस. दोघी आल्या. पिल्लाला हुंगलं.
मग आईच्या पाठीचे केस विंचरत बसल्या.
पाचवा दिवस. पिल्लू वाळलं आहे. हाताला धरून ओढते. माश्या.
सातवा दिवस. हात रिकामा.'

पलीकडचा रकाना कोरा.
लाल पेन्सिल घेऊन मी बसून राहिले,
कंदिलाची वात दोनदा वर करावी लागली.
पानभर एकच चूक, 'विंचरत'वरचा अनुस्वार सुटलेला.
तोही मी तसाच ठेवला.

सकाळी विचारलं, आठवा दिवस?
"गेले होते. सगळ्या गवत खात होत्या.
ती कोणती, ते ओळखता येईना."
म्हटलं, हेही लिही.
"कुठं? अलीकडे की पलीकडे?"

मी रेघेकडं बघितलं.
गेताहुनची मेंढरं तिच्यावरून
कधीच निघून गेली होती.